लहानपणीची उन्हाळी शिबिरं पुढे धंद्यात उपयोगी पडली का? नाशिककरांनो, अनुभव सांगा

अंबडवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मुलगी यंदा सातवीत जाईल. परीक्षा संपत आल्यात आणि घरी मे महिन्याचं काय करायचं यावर रोज चर्चा चालू आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर शिबिरांच्या जाहिराती येताहेत, रोबोटिक्स, स्विमिंग, घोडेस्वारी, आणि यंदा नवीन म्हणजे मुलांना उद्योजक बनवणारी शिबिरं. एसी हॉलमध्ये बसून कंपनीचं नाव ठरवायचं, लोगो काढायचा, शेवटच्या दिवशी आईबापांसमोर स्टेजवर प्रेझेंटेशन द्यायचं आणि सर्टिफिकेट घेऊन घरी यायचं. बायको म्हणाली घालूया का, मी म्हटलं थांब, आधी चार लोकांशी बोलतो, म्हणून हा धागा.

माझं थोडक्यात सांगतो. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत छोटं युनिट आहे, दोन सीएनसी आणि एक व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी धातू कापायची मशीनं), ऑटो कंपन्यांच्या व्हेंडरांना पार्ट देतो, म्हणजे साखळीत आम्ही तिसऱ्या पायरीवर. घरात धंदा कोणीच केलेला नाही, वडील सरकारी नोकरीत, मामा-काका सगळे पगारदार. तरी नोकरी सोडून यात पडलो आणि टिकलो. कुठे शिकलास असं कोणी विचारलं की खरं तेच सांगतो, मशीन डिप्लोमात शिकलो, व्याज बँकेने शिकवलं, पण माणसं, पैसा आणि वेळ एकदम अंगावर आले की काय करायचं ते शाळेत असताना त्र्यंबक रोडच्या शिबिरात शिकलो.

तेव्हाचं शिबिर म्हणजे अंजनेरीच्या पायथ्याशी तंबू, सतरंज्या, घरून आणलेलं ताट-वाटी-पेला आणि पहाटे गार पाण्याने आंघोळ. चालवणारे सगळे कॉलेजातले दादा आणि ताया, मानधन वगैरे काही नाही. मुलांचे गट पाडलेले आणि रोज एका गटाकडे भोजन. भोजन म्हणजे नुसतं वाढणं नव्हे हो. सकाळी माणशी ठरलेली रक्कम गटाच्या हातात मिळायची, तांदूळ-डाळ-तेल कोठीतून मोजून, आणि भाजी, मिरची, कोथिंबीर आपली आपण त्र्यंबकच्या बाजारातून आणायची. सोबत एक दादा यायचा पण तो बोलायचा नाही. रात्री वहीत हिशोब लिहून द्यायचा आणि उरलेले पैसे शेवटच्या दिवशीच्या शेकोटीच्या खाऊसाठी जमा, त्यामुळे भाजीवाल्या मावशींशी घासाघीस करताना पोरांच्या अंगात जो जोर यायचा तो बघण्यासारखा.

आमच्या गटाच्या दिवशी संध्याकाळी वळीव आला. मे महिन्यातला तो पाऊस नाशिककरांना सांगायला नको, आधी धुळीचा लोट, मग वारा, मग टपोरे थेंब. सरपण भिजलं. तीन दगडांच्या चुली, भाताचं मोठं पातेलं वर चढवलेलं आणि खाली नुसता धूर, फुंकर मारून मारून डोळे लाल. तिकडे सगळं शिबिर पंगतीला बसलेलं आणि पोरं ताटावर वाट्या वाजवताहेत. मी दादाकडे पळत गेलो, दादा काय करू? तो तंबूची सुटलेली दोरी बांधत होता. मान वर न करता म्हणाला, "तुमच्या गटाचा दिवस आहे, गटाने ठरवा." इतका राग आला त्याचा!

मग आम्ही चौघं-पाच जणं चुलीपाशीच उकिडवे बसलो आणि ठरवलं. सकाळच्या चहासाठी ताडपत्रीखाली कोरडी लाकडं ठेवलेली होती ती आत्ता घ्यायची, सकाळचं सकाळी बघू. दोन चुली मोडून सगळे निखारे एकाच चुलीत. आणि गटातली एक मुलगी म्हणाली की आधी सगळ्यांना सांगून टाकू, जेवणाला तास लागेल, आणि खाऊच्या डब्यातले शेंगदाणे-गूळ आत्ताच वाटू. ती स्वतः गेली, पंगतीच्या मधोमध उभी राहिली आणि मोठ्याने सांगितलं. वाट्या वाजायच्या थांबल्या.

मध्यंतरी ऐन डिस्पॅचच्या आठवड्यात आमच्या व्हीएमसीचा स्पिंडल, म्हणजे हत्यार फिरवणारा मुख्य भाग, गेला. गिऱ्हाइकाचा फोन यायच्या आत मीच फोन केला, काय झालंय, किती पीस तयार आहेत, किती बाहेरून करून घेतोय, उरलेले कधी देतो, सगळं सांगून टाकलं. शेजारच्या युनिटकडून जॉबवर्क करून घेतलं, मार्जिन गेलं, पण त्यांची लाइन थांबली नाही आणि पुढची पीओ, म्हणजे ऑर्डर, आली. तो फोन करायचा धीर मला कुठल्या सेमिनारमध्ये मिळालेला नाही, तो त्या पंगतीत उभ्या राहिलेल्या मुलीकडून आलाय.

मुलांच्या हातात खरे पैसे आणि खरं काम द्यायचं, ज्यावर बाकीच्यांचं जेवण अवलंबून आहे असं, आणि मग मोठ्यांनी गप्प बसायचं, हे जिथे होतं ते शिबिर पुढे धंद्याला उपयोगी पडतं असं माझं ठाम मत झालंय. तुमचे अनुभव काय? आणि असं शिबिर आता नाशकात कुठे उरलंय का?

पंचवटीकर

मी इथल्या भोसला मिलिटरी स्कूलच्या उन्हाळी शिबिरात होतो. शाळा जुनी, १९३७ साली डॉ. मुंज्यांनी काढलेली, आणि शिबिरात घोडा, रायफल, अडथळ्यांची शर्यत, सगळं शिस्तीत. तुमच्यासारखे पैसे वगैरे हातात नाही दिले कोणी, पण मला तिथून वेगळंच काहीतरी मिळालं. माझ्या खोलीत धुळ्याचा, जळगावचा, ठाण्याचा अशी पोरं होती आणि तोवर मी पंचवटीबाहेरच्या कोणाशी चार वाक्यं बोललो नव्हतो. आज मंडप-डेकोरेशनचा धंदा आहे, खानदेशातलं पहिलं काम त्या धुळ्याच्या मित्राच्या बहिणीच्या लग्नाचं. ओळखी तर झाल्याच, पण अनोळखी माणसासमोर जाऊन "मी अमुक" म्हणायची भीड तिथेच मोडली, धंद्यात अर्धं काम तेच असतं.

सातपूर_नोकरदार

धागा छान, पण मला एक विचारायचंय आणि मनापासून विचारतोय. तुमच्या त्या शिबिरात जी बाकीची पोरं पंगतीला बसली होती ती आज काय करतात? सगळी शिबिरातलीच ना. मग त्यांनी कारखाने का नाही काढले? जो टिकला तो मागे वळून बघतो आणि त्याला शिबिर दिसतं, जो बुडाला त्याला कोणी विचारायलाच जात नाही की बाबा तू शिबिराला गेला होतास का.

मी सातपूरला एका कंपनीच्या परचेसमध्ये, म्हणजे खरेदी खात्यात आहे, छोटे व्हेंडर रोज समोर बघतो. छोट्या युनिटला ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे हे २००६ च्या कायद्यात लिहिलंय, आणि प्रत्यक्षात ९० दिवस, १२० दिवस लागतात हे तुम्हाला मी सांगायला नको. तेवढे दिवस कोण तगतो? ज्याच्या बापाचं घर बँकेत तारण ठेवता येतं तो, ज्याची बायको नोकरी करते तो, ज्याचा सासरा शांतपणे दोन लाख देतो तो. हिंमत पुष्कळांकडे असते हो, उधारी सोसायची ताकद थोड्यांकडे असते. मुलांना शिबिराला जरूर पाठवा, मीही पाठवतो, पण त्यांच्यावर उद्योजक व्हायचं ओझं नको.

अंबडवाला

@सातपूर_नोकरदार, तुमचं म्हणणं पटतंय आणि बरं झालं लिहिलंत. आमच्या गटातला एक जण बँकेत आहे, एक जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, आणि पंगतीत उभी राहिलेली ती मुलगी तलाठी झाली. धंद्यात मी एकटाच. भांडवलाचंही तुमचं खरं, मला सुरुवातीला वडिलांच्या रिटायरमेंटच्या पैशाने हात दिला, ते नसते तर पहिलं मशीनच आलं नसतं.

शिबिराने माणूस धंद्यात पडतो असं मी म्हणतच नाहीये. पडल्यावर रोज सकाळी जे निस्तरावं लागतं, त्याची सवय कुठे लागते, एवढंच म्हणतोय. आणि ती तलाठीण आज गावच्या सभेत दोनशे माणसांसमोर पंचनाम्याचं काय ते स्पष्ट सांगते म्हणे, म्हणजे उपयोग तिलाही झालाच की.

सिडकोची_वाळवणं

मी नेहमी नुसती वाचत असते, आज लिहितेय. मी शाळेत गाइड होते. आमच्याकडे 'खरी कमाई' असायची, स्काउट-गाइड केलेल्यांना आठवेल. पालकांकडून पैसे मागून आणायचे नाहीत, काम करून मिळवायचे आणि हिशोब द्यायचा. नंतर वाचलं की ब्रिटनमध्येही स्काउटची मुलं १९४९ पासून असंच करायची, घरोघरी जाऊन छोटी कामं करून एक शिलिंग मिळवायची. स्काउट चळवळ सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली ब्राउनसी बेटावर जे पहिलं शिबिर घेतलं त्यातही वीसेक मुलांचे चार छोटे संघ करून प्रत्येकावर एक मुलगाच नायक नेमला होता. आमच्याकडेही तसंच, संघनायिका आठवीतली आणि बाई लांब झाडाखाली.

आम्ही शिबिराच्या शेवटच्या दिवशी पालक न्यायला यायचे तेव्हा लिंबू सरबताचा स्टॉल लावला. उन्हं अशी की ग्लास पुरेनात. दुपारी आमच्याजवळ स्टीलच्या डब्यात नाण्यांचा हा ढीग, आम्ही नाचत बाईंकडे गेलो. बाईंनी डबा बाजूला ठेवला आणि पाटीवर खडूने लिहायला लावलं, साखर किती, लिंबं किती, बर्फाची लादी, लादीवर टाकायला आणलेलं गोणपाट, माठ भाड्याने आणला त्याचे पैसे, ते आणायला रिक्षा केली ती. एकेक वजा होत गेलं. मग विचारलं, पाच जणींनी सकाळपासून काम केलं, प्रत्येकीच्या वाट्याला काय आलं? आकडा बघून आम्ही गप्पच झालो. मग त्यांनीच विचारलं, पुढच्या वेळी काय बदलाल? एक म्हणाली माठ घरून आणू, एक म्हणाली लिंबं रविवार कारंज्यावरून एकदम घेऊ. मी म्हटलं ग्लासमागे आठ आणे वाढवू, कारण या उन्हात कोणी परत जाणार नाही. बाई खूश झाल्या होत्या त्याच्यावर.

आता माझा कुरडया, पापड, सांडग्यांचा धंदा आहे. सोसायटीतल्या बायका मार्चपासून गच्चीवर येतात, गव्हाचा चीक घेरायला, साच्यातून पाडायला. नवीन कोणी मुलगी विचारायला आली की ताई मला पण सुरू करायचंय, तेव्हा मी तिला आधी वही घ्यायला लावते. गहू, गॅस, साचा, पिशव्या, सीलिंग, लेबल, एफएसएसएआयचं म्हणजे अन्नसुरक्षेचं रजिस्ट्रेशन, कुरिअर, फुटलेला माल, आणि स्वतःची मजुरी. स्वतःची मजुरी कोणीच लिहीत नाही बायकांमध्ये. घरचंच तर आहे म्हणतात. मी भांडून लिहायला लावते.

मेरीची_आई

ताई, शेवटच्या ओळीला हजार वेळा अनुमोदन.

उन्हाळ_कांदा

निफाड तालुक्यातून लिहितोय. आम्हाला शिबिर वगैरे माहीत नव्हतं, सुट्टी लागली की कांदा काढणी. मी चौथी-पाचवीपासून उन्हाळ कांदा काढणीला, मग कांदाचाळीत भरायला, गोल्टी म्हणजे बारीक कांदा वेगळा, मोठा माल वेगळा, सडका बाजूला. वडिलांसोबत ट्रॅक्टरवर बसून लासलगावला लिलावाला. पहाटे लाइनीत लागायचं, व्यापारी आले की पहिल्या ट्रॅक्टरपासून बोली सुरू, दोन मिनिटांत वर्षाचा निकाल. त्यामुळे तुमचा धागा वाचून आधी वाटलं की हे शहरातल्या पोरांचे लाड आहेत, गावची पोरं हे सगळं फुकटात शिकतात.

पण नंतर विचार केला तर तसं नाही. घरच्या शेतात आम्हाला काम मिळायचं, निर्णय मिळत नव्हता. आज विकायचा का ठेवायचा, चाळ फोडायची का थांबायचं, हे सगळं वडील आणि चुलते बसून ठरवणार, आम्ही पाट्या उचलणार. तिशी गाठली तरी घरात पोरगाच. मला पहिल्यांदा कोणी "तू ठरव" म्हटलं ते सोमनाथला. बाबा आमट्यांनी १९६७ साली तिथे, चंद्रपूर जिल्ह्यात, श्रमसंस्कार छावणी सुरू केली, दर मे महिन्यात असते, सकाळी श्रमदान आणि मग दिवसभर चर्चा, गाणी. कॉलेजातल्या सरांनी नाव घातलं म्हणून गेलो. विदर्भातलं मे महिन्यातलं ऊन म्हणजे काय ते तिथे कळलं. आमच्या गटाला बांधाचं काम होतं आणि मला गटप्रमुख केलं, गटात पुण्या-मुंबईच्या मुली, गडचिरोलीची पोरं, ज्यांना कुदळ धरता येत नाही ते आणि ज्यांना माझी भाषा नीट कळत नाही ते. मी पहिल्या दिवशी सगळं स्वतःच करत सुटलो कारण मला काम येत होतं. दुसऱ्या दिवशी एक मुलगी म्हणाली की आम्हाला दाखव तर खरं कसं करायचं, आम्ही काय बघायला आलोय का. तेव्हा कामाची वाटणी करायला शिकलो, कोण खणणार, कोण घमेली देणार, कोण दगड लावणार, अर्ध्या तासाने अदलाबदल.

आता आमचं द्राक्षाचं पॅकहाउस आहे, सीझनला बायका-माणसं मिळून बरेच हात असतात. घरच्यांनी शिकवलेलं काम आहे, पण माणसं चालवायची रीत सोमनाथची आहे. माझ्या पोराला मी यंदा चाळीतला एक कप्पा देऊन टाकलाय. त्यातला कांदा कधी विकायचा ते त्याने ठरवायचं. आजोबा चिडलेत.

अंबडवाला

"काम मिळायचं, निर्णय मिळत नव्हता." भाऊ, मला जे इतक्या लांबड्या पोस्टमध्ये नीट मांडता आलं नाही ते तुम्ही एका वाक्यात सांगितलंत. आणि कप्प्याची कल्पना फारच आवडली, आजोबांना समजवा.

सह्याद्रीवेडा

मी शाळेत शिकवतो आणि सुट्टीत मुलांना गडावर नेतो, हरिहर, रामशेज, कधी कळसूबाई. दोन गोष्टी सांगायच्यात.

अमेरिकेत शिबिरांची परंपरा फार जुनी आहे, १८६१ पासूनची समजतात, तिथली मुलं आठवडेच्या आठवडे घराबाहेर राहतात. डिस्नेचे मायकेल आइझनर १९८४ ते २००५ कंपनीचे प्रमुख होते, ते व्हरमाँटमधल्या कीवेडिन या होडीच्या शिबिरात लहानपणी जायचे आणि कामाच्या बऱ्याचशा सवयी तिथल्या म्हणून जाहीरपणे सांगतात. तिथलं ब्रीद आहे सोबतच्याला मदत करा. अर्थात ते उद्योजक नव्हेत, मोठ्या कंपनीचे चालक, आणि घर सधन, त्यामुळे सातपूरवाल्या दादांचा मुद्दा तिथेही लागू होतो.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, विशेषतः भागीदारीत धंदा करणाऱ्यांसाठी. १९५४ साली मुझफ्फर शेरिफ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने ओक्लाहोमातल्या रॉबर्स केव्ह उद्यानात उन्हाळी शिबिराच्या नावाखाली प्रयोग केला. ११-१२ वर्षांची २२ मुलं, दोन गट, आधी एकमेकांची माहितीही नाही. मग रस्सीखेच, बेसबॉल, बक्षिसं अशा स्पर्धा लावल्या. झालं, एकमेकांचे झेंडे जाळले, रात्री एकमेकांच्या खोल्यांवर धाडी घातल्या. नुसतं एकत्र जेवायला बसवलं तर अन्न फेकाफेकी. मग पाण्याचा पुरवठा मुद्दाम बंद पाडला आणि टाकीपर्यंत जाऊन दोष शोधायला दोन्ही गट लागले. जेवण आणणारा ट्रक बंद पडला तेव्हा सगळ्यांनी मिळून दोराने ओढला, तोच रस्सीखेचेचा दोर. अशी दोन-चार कामं एकत्र झाल्यावर वैर ओसरलं. मुलांना किंवा पालकांना खरं काय चाललंय ते सांगितलेलं नव्हतं, हे आज कोणी करू नये आणि कोणाला करूही देणार नाहीत, पण निष्कर्ष मी गडावर दरवर्षी बघतो. गटागटांत गुण देत बसलं की पोरं भांडतात, आणि सगळ्यांना मिळून पाण्याचे कॅन वर न्यायचे आहेत म्हटलं की तीच पोरं एकमेकांचा हात धरतात.

म्हणून शिबिर निवडताना बघा की दिवसभर बक्षिसं आणि पॉइंट्सच आहेत की सगळ्यांचं मिळून एखादं काम आहे.

मेरीची_आई

सगळं वाचलं आणि मन भरून आलं, पण मला काळजीचंही लिहायचंय. माझी मुलगी अकरा वर्षांची, घरापासून लांब कधी राहिलेली नाही. तंबू, चूल, बाजार हे सगळं छान, पण रात्री मुलींजवळ कोण असतं? बाथरूम कुठे? नदीत-धरणात नेतात का? गंगापूर धरणाच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. दादा गप्प बसला हे धाग्यात वाचायला छान वाटतं, पण माझी मुलगी उकळत्या पातेल्यापाशी असताना कोणी गप्प बसलेलं मला चालणार नाही. आणि फी. चांगली निवासी शिबिरं आता एवढी महाग झालीत की आमच्यासारख्यांनी दोन मुलांना एकदम पाठवणं शक्यच नाही.

शिबिरदादा

ताई, तुमचे प्रश्न अगदी बरोबर आहेत आणि ज्या आयोजकाला ते ऐकून राग येतो त्याच्याकडे मुलगी पाठवूच नका. मी बरीच वर्षं त्र्यंबक-पेठ भागात छोटी शिबिरं घेतो, आतली बाजू सांगतो.

गप्प बसणं म्हणजे लक्ष नसणं नाही. आमच्याकडे गॅस, चूल, सुरी, पाण्याची जागा हे मोठ्यांच्या ताब्यात, तिथे मुलांना मत नाही. मेनू, बजेट, खरेदी, वाटणी, हिशोब, उशीर झाला तर सगळ्यांना सांगणं, हे पूर्ण मुलांचं, तिथे आम्हाला मत नाही. ही रेघ पहिल्या संध्याकाळी सगळ्यांसमोर आखतो. रात्री मुलींच्या निवासात ताया असतात आणि कुठलाही पुरुष कार्यकर्ता तिकडे जात नाही. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२ चा आहे, कार्यकर्त्यांची पोलीस पडताळणी केलीय का हे आयोजकाला सरळ विचारा. आपल्या राज्याने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात आयोजकांची नोंदणी आहे, दोर, गिर्यारोहण, पाण्यातले खेळ असतील तर नोंदणी दाखवा म्हणायचं. लाइफ जॅकेटशिवाय पाण्यात पाय नाही. जवळचा दवाखाना किती लांब आणि रात्री गाडी कोणाची, हेही विचारा.

आता पालकांबद्दल. पूर्वी मुलगा शिबिराला गेला की परत येईपर्यंत गेला. आता पहिल्याच संध्याकाळी ग्रुपवर मेसेज, फोटो टाका, माझा दिसत नाहीये, उदास का दिसतोय. एखादं पोर रडवेलं दिसलं की तासाभरात नाशकातून गाडी हजर. घरची आठवण पहिल्या एक-दोन रात्री बहुतेकांना येते, त्यातून पोर स्वतः बाहेर आलं की तिसऱ्या दिवशी त्याची चाल बदललेली दिसते, आणि नेमकी तीच संधी आपण गाडी पाठवून काढून घेतो. आम्ही आता दिवसातून एकच मेसेज टाकतो, सगळे ठीक आहेत, एवढाच.

पाण्याचं सांगतो. आमच्या भागात पावसाळ्यात धो धो पडतो आणि मे महिन्यात विहिरी तळाला. गावातल्या बाया हंडे घेऊन लांब जातात, मुलं ते बघतात. आम्ही प्रत्येक गटाला भांडी आणि हातपाय धुण्यासाठी २०० लिटरचा एक ड्रम देतो, उद्या सकाळपर्यंत पुरवायचा. पहिल्या दिवशी दुपारीच ड्रम कोरडा आणि रात्रीची ताटं तशीच, मग गट बसतो. कोणीतरी गावातल्या आजीकडून राखेने ताट घासायचं शिकून येतं, आधी कोरडी राख, मग वाटीभर पाणी, मग दुसऱ्या वाटीत विसळायचं. दुसऱ्या दिवशी ड्रमात पाणी उरतं आणि ते पाणी उसनं द्यायचं का यावर शेजारच्या गटाशी बोलणी सुरू. मी लांबून बघतो, काय सुंदर बोलणी करतात पोरं!

युरोपात दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान आणि जहाज कंपनीचे लॉरेन्स होल्ट यांनी १९४१ मध्ये वेल्समध्ये आउटवर्ड बाउंड या साहस-प्रशिक्षणाची पहिली शाळा काढली, कारण जहाज बुडाल्यावर धडधाकट तरुण खलाशी आधी हाय खातात आणि मुरलेले तग धरतात असं होल्ट यांचं निरीक्षण होतं. अंगातली ताकद कमी नव्हती, अडचणीत स्वतःला सांभाळायची सवय नव्हती. ती सवय लागण्यासाठी खरी अडचण लागते, पण मोजून मापून दिलेली. हे मोजणं हेच आमचं काम, बाकी तंबू काय कोणीही लावतं.

फीचं म्हणाल तर जेवण, जागा, गाडी, विमा आणि पुरेशी मोठी माणसं यात खर्च जातो, खूप स्वस्त शिबिर दिसलं तर माणसं किती ते नक्की विचारा. आम्ही काही जागा कमी फीमध्ये ठेवतो आणि कोण कमी फीवर आलंय ते मुलांना, कार्यकर्त्यांनाही कळू देत नाही.

सातपूर_नोकरदार

शिबिरदादा, ड्रमचं वाचून माझं मत थोडं हललं. परचेसला बसून मी रोज हेच बघतो, कुठल्या व्हेंडरला तुटपुंज्यात भागवता येतं आणि कुठला ऑर्डर मिळाल्या मिळाल्या गाडी बुक करतो. भांडवलाचा मुद्दा मात्र सोडत नाही. शिबिरात सगळ्या गटांना एकसारखा ड्रम मिळतो, बाहेर नाही मिळत, आणि हे पण कोणीतरी मुलांना तिथेच सांगायला हवं.

शिबिरदादा

मान्य. यंदा एका गटाला मुद्दाम कमी पाणी देऊन नंतर सगळ्यांना बसवून त्यावर बोलायचं असा विचार बरेच दिवस डोक्यात आहे, पण ते मुलांना आधी सांगूनच करेन. सह्याद्रीवेडा सरांनी लिहिलंय तसं फसवून नाही.

सिडकोची_वाळवणं

ज्यांना फी परवडत नाही त्यांच्यासाठी, मेरीच्या ताई, तुम्हालाही. मुलांना घरीच जबाबदारी द्या ना. आमच्या सोसायटीत गेल्या मे महिन्यात पोरांनी दुपारचं वाचनालय चालवलं, जिन्याखालच्या खोलीत, घरोघरची पुस्तकं गोळा करून. वर्गणी, उशिरा आणली तर दंड, हरवलं तर काय, सगळे नियम त्यांचे. एका काकांनी पुस्तक हरवलं आणि दंड द्यायला तयार नव्हते, आम्ही मोठ्यांनी मध्ये पडायचं नाही असं ठरवलेलं. नववीतली एक मुलगी रोज संध्याकाळी त्यांच्या दारात जाऊन नम्रपणे आठवण करायची. दिले शेवटी. फक्त एवढं करा, पोरांनी ठरवलेलं मोडू नका, तुम्हाला पटलं नाही तरी.

अंबडवाला

खूपच चांगली चर्चा झाली, सगळ्यांचे आभार. एसी हॉलवालं रद्द. मुलीला विचारलं तर तिला ड्रमचं ऐकून उत्सुकता वाटतेय, आणि अर्धा दिवस तरी कारखान्यातल्या स्टोअरचा हिशोब मला दे असंही म्हणाली, ते मी जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत देणार. शिबिरदादा, पालकांची बैठक वगैरे घेता का? मला जागा बघायला आणि तुमच्या कार्यकर्त्यांना भेटायला आवडेल.

शिबिरदादा

घेतो, येत्या रविवारी सकाळी जागेवरच. मुलांना घेऊन या आणि प्रश्न त्यांना विचारू द्या, तुमचे प्रश्न नंतर. कोठी, मुलींचं निवास, पाण्याची जागा, सगळं उघडं असेल, कुठेही फिरा. पत्ता ज्याला हवा त्याला खाजगी निरोपातून देतो.

मेरीची_आई

मी येतेय, मुलीला घेऊन. गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत, मेरी-म्हसरूळकडून कोणाला यायचं असेल तर इथे लिहा, सातला निघू म्हणजे ऊन चढायच्या आत पोचू.